थोरलीचे ५००, धाकट्याचे २,२००: अमेरिकेत मुलाबाळांसह टॅक्स भरताना

एकाच घरातली दोन भावंडं. थोरली नऊ वर्षांची, पुण्यात जन्मलेली, आईबरोबर एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर आलेली. धाकटा दोन वर्षांचा, न्यू जर्सीत जन्मलेला. दोघं एका खोलीत झोपतात, एकाच डब्यातले लाडू पळवतात. पण अमेरिकेच्या टॅक्सखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या वहीत थोरलीचे ५०० डॉलर लागतात आणि धाकट्याचे २,२००. बाप तोच, पगार तोच. फरक फक्त त्यांच्या नावापुढच्या नऊ आकड्यांचा.

मी सीपीए, म्हणजे इथली सीए, नाही. पण मार्च आला की ओळखीतल्या तीन-चार कुटुंबांचे कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरतात, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो: "अहो, ऑफिसातला तो म्हणाला मुलामागे दोन हजारांवर मिळतात, मग आम्हाला पाचशेच का दाखवतंय?" त्या प्रश्नाचं उत्तर सवडीने द्यावं म्हणून हे लिहिते आहे. खालचे आकडे २०२५ या वर्षाच्या टॅक्सचे आहेत, ज्याचं रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत जायला हवं. पुढच्या वर्षाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

आधी 'क्रेडिट' म्हणजे काय ते

भारतात नोकरी केलेल्या माणसाला ८०सी पाठ असतं. एलआयसी, पीपीएफ, मुलांची शाळेची फी दाखवायची आणि तेवढं उत्पन्न कमी धरायचं. ती झाली वजावट. इथलं चाइल्ड टॅक्स क्रेडिट तसं नाही. आपल्याकडचं त्याच्या जवळचं म्हणजे ८७एची रिबेट: आधी टॅक्स काढायचा आणि मग त्या टॅक्समधूनच रक्कम उडवायची. १२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या कुटुंबाला १,००० डॉलरची वजावट मिळाली तर वाचतात १२० डॉलर. १,००० डॉलरचं क्रेडिट मिळालं तर वाचतात पुरते १,०००.

क्रेडिटातही दोन जाती आहेत. एक टॅक्स शून्यापर्यंत आणून थांबतं. दुसरं त्याखालीही जातं, म्हणजे टॅक्स शून्य झाल्यावर उरलेली रक्कम हातात देतं. थोरलीचे ५०० पहिल्या जातीचे. धाकट्याच्या २,२०० पैकी १,७०० पर्यंतची रक्कम दुसऱ्या जातीची होऊ शकते, पण त्यासाठी कमाई हवी: कमाईतून २,५०० वजा करायचे आणि उरलेल्याचे १५ टक्के, ही वरची मर्यादा. वर्षाला २२,५०० डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला टॅक्स लागतच नाही, कारण २०२५ साठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शनच ३१,५०० आहे. त्यांचे १५ टक्के होतात ३,०००. एक मूल असेल तर त्यातले १,७०० त्यांच्या खात्यात येतात. न भरलेल्या टॅक्सचा परतावा! आपल्याकडून आलेल्या माणसाला हे पटायला थोडा वेळ लागतो.

जुन्या मंडळींचे सल्ले मात्र तारीख पाहून घ्यावेत. हे क्रेडिट १९९७ च्या कायद्याने आलं आणि १९९८ मध्ये मुलामागे ४०० डॉलर होतं. २०१८ पासून २,००० झालं. २०२१ या एका वर्षापुरतं ते ३,००० ते ३,६०० केलं होतं, आणि जुलै ते डिसेंबर दरमहा २५० किंवा ३०० डॉलर खात्यात जमा व्हायचे. तेव्हा इथे असलेले लोक अजून "महिन्याला येतात" असं सांगतात. आता महिन्याला काही येत नाही. टोरोंटोतल्या मावसबहिणीला येत असतील, पण ते कॅनडाचं, त्याचा इथे संबंध नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २,२०० केले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवायचं ठरवलं. २०२६ साठीही आकडा २,२०० च आहे.

पहिली पायरी: टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही इथले की तिथले?

व्हिसाचा रेसिडेंट वेगळा, टॅक्सचा वेगळा. एच-१बीवरचा माणूस ग्रीन कार्ड नसतानाही टॅक्ससाठी 'रेसिडेंट' ठरतो, फक्त दिवस भरले पाहिजेत. हिशोब असा: या वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि या वर्षात निदान ३१ दिवस इथे असलात की तुम्ही रेसिडेंट. एफ-१ वर शिकायला आलेल्यांची पहिली पाच कॅलेंडर वर्षं या मोजणीत धरतच नाहीत, त्यामुळे ते बहुधा १०४०-एनआर या वेगळ्या फॉर्मवर जातात. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

खरी अडचण आल्या वर्षाची. समजा कुटुंब १० ऑगस्ट २०२५ ला उतरलं. डिसेंबरअखेर भरतात १४४ दिवस. म्हणजे २०२५ साठी नॉन-रेसिडेंट. जोडप्याला एकत्र रिटर्न भरता येत नाही, स्टँडर्ड डिडक्शन नाही, फार काही हाती लागत नाही. यावर एक वाट आहे. पुढच्या वर्षीचे दिवस भरेपर्यंत थांबायचं आणि मग २०२५ पासूनच रेसिडेंट धरा असा पर्याय निवडायचा. १४४ चा तिसरा हिस्सा ४८, म्हणजे २०२६ मध्ये १३५ दिवस हवेत, ते भरतात १५ मेला. एप्रिलची तारीख त्याआधीच येते, म्हणून फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घ्यायची. लक्षात ठेवा, वाढते ती कागद देण्याची मुदत. पैसे देणं असेल तर ते एप्रिलातच द्यायचे.

या वाटेची किंमतही आहे. नवरा-बायकोने मिळून पूर्ण वर्षाचे रेसिडेंट व्हायचं ठरवलं तर जानेवारी ते ऑगस्टचा पुण्यातला पगार, बँकेतलं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं इथे दाखवावं लागतं. भारतात त्यावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं, त्यामुळे बहुतेकांचं गणित तरीही फायद्याचं निघतं. पण दोन्ही बाजूंनी मांडून बघावं, आणि हे एक वर्ष सीपीएला पैसे द्यावेत. पुढची वर्षं स्वतः भरता येतात.

(याच वेळी आठवून घ्या: भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा वेगळा फॉर्म भरायचा असतो. क्रेडिटशी त्याचा संबंध नाही, पण विसरलात तर क्रेडिटच्या कितीतरी पट दंड बसू शकतो.)

दुसरी पायरी: प्रत्येकाचा नंबर

इथे थांबून नीट वाचा. सगळी भानगड इथेच आहे.

२,२०० साठी मुलाकडे नोकरीला चालेल असा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन, लागतो. दोन वर्षांचं पोर कसली नोकरी करणार, हा प्रश्न विचारू नका. कायदा तसा आहे. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते म्हणून त्यांना एसएसएन मिळत नाही. एल-२ च्या, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या मुलांचंही तेच. जोडीदाराला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळाला की एसएसएन मिळतो, मुलांना नाही. त्यांना मिळतो आयटिन: तोही नऊ आकडी, ९ पासून सुरू होणारा, आणि फक्त टॅक्सपुरता. आयटिनवर २,२०० मिळत नाहीत. मिळतात 'इतर अवलंबितां'चे ५००. नवीन कायद्याने आईबापांपैकी निदान एकाकडे तरी एसएसएन हवा अशी अट घातली आहे, पण एच-१बीवाल्याकडे तो असतोच.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. ३१ डिसेंबरला वय १७ च्या आत हवं. ३० डिसेंबरला सतरा पूर्ण झाली तर त्या पूर्ण वर्षाचे २,२०० गेले आणि मूल ५०० वाल्यांत आलं. मूल वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तुमच्याबरोबर राहिलेलं हवं. सहा महिन्यांसाठी आजीकडे साताऱ्याला ठेवलेल्या मुलांच्या बाबतीत हे दिवस मोजून ठेवा. जोडप्याचं उत्पन्न ४ लाख डॉलरच्या (एकट्याचं २ लाखांच्या) वर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर कमी होत जातात. ४,१०,००० असेल तर ५०० कमी.

बाळ इथेच जन्माला येणार असेल तर एसएसएनचं काम हॉस्पिटलातच उरकतं. जन्मदाखल्याच्या फॉर्मवर एक चौकट असते, तिथे खूण केली की काही आठवड्यांत कार्ड टपालाने घरी. पण त्या फॉर्मवर नाव लागतं, आणि मराठी घरात गाडी अडते ती इथे. बारसं बाराव्या दिवशी, हॉस्पिटलातून घरी जायचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि पत्रिका अजून तिकडे नाशिकला गुरुजींकडे! नाव रिकामं ठेवलंत तर हॉस्पिटलमार्फत नंबर येण्याचा सोपा मार्ग बंद होतो आणि मग दाखला घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन बसावं लागतं. म्हणून आठव्या महिन्यातच अक्षरं मागवून ठेवा, दोन नावं ठरवा, हॉस्पिटलात एक लिहा. पाळण्यात ते कुजबुजायला बाराव्या दिवशी आत्या मोकळी. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव घालायचं की नाही हेही तेव्हाच ठरवा. जन्मदाखला, एसएसएन कार्ड आणि रिटर्न यांवर नाव एकसारखंच पाहिजे. 'वैष्णवी' एका कागदावर व्ही लावून आणि दुसऱ्यावर डब्ल्यू लावून लिहिलेली आमच्याकडे आली होती. कॉम्प्युटरने रिटर्न परत पाठवलं.

आणि हो, बाळ ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता जन्मलं तरी पूर्ण वर्षाचं क्रेडिट मिळतं. १ जानेवारीला जन्मलं तर पुढच्या वर्षी.

तिसरी पायरी: आयटिनसाठी डब्ल्यू-७

"पाचशेच तर आहेत, कोण करत बसणार," असं म्हणून हे टाळणारे खूप. पण जोडीदाराकडे एसएसएन नसेल तर एकत्र रिटर्नसाठी तिला किंवा त्यालाही आयटिन लागतोच, मग मुलाचा त्याच लिफाफ्यात करून टाका. एकदा झाला की दरवर्षी चालतो. फक्त सलग तीन वर्षं कुठल्याच रिटर्नवर वापरला नाही तर बाद होतो.

डब्ल्यू-७ हा आयटिनचा अर्ज. तो एकटा पाठवायचा नसतो. रिटर्न पूर्ण तयार करायचं, आयटिनची जागा मोकळी सोडायची, वर डब्ल्यू-७ लावायचा आणि सगळं कागदावर छापून टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचं. त्या वर्षी ई-फाइल नाही. अर्ज रिटर्नच्या मुदतीत, म्हणजे १५ एप्रिलपर्यंत किंवा वाढवून घेतलेल्या तारखेपर्यंत गेला पाहिजे. उशीर झाला तर त्या वर्षाचे ५०० गेले, नंतर दुरुस्तीचं रिटर्न भरूनही मिळत नाहीत.

सोबत पासपोर्ट लागतो. मूळ पासपोर्ट, किंवा ज्याने तो दिला त्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत. नोटरीची झेरॉक्स चालत नाही. इथे मी स्वतः शेण खाल्लं आहे, म्हणून सांगते. आमच्या पहिल्या वर्षी मी मुलीचा मूळ पासपोर्ट लिफाफ्यात घालून मार्चमध्ये पोस्टात टाकला. मेमध्ये सासूबाई आजारी पडल्या. नवऱ्याचं तिकीट काढलं, माझं काढलं, आणि मुलीचा पासपोर्ट ऑस्टिनला. मुलीला शेजारच्यांकडे ठेवून मी जाऊ शकत नव्हते. नवरा एकटा गेला. पासपोर्ट आला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, साध्या टपालाने, पेटीत वाकवून घातलेला.

पासपोर्ट हातातून न सोडता हे काम दोन ठिकाणी होतं. एक, आयआरएसचं टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटर: फोन करून वेळ घ्यायची, कुटुंबाचे पासपोर्ट घेऊन जायचं, ते तिथेच बघतात आणि परत देतात. दोन, आयआरएसने नेमलेले सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट. ते फी घेतात, पण मुलांचा पासपोर्ट आणि जन्मदाखला पाहून स्वतः प्रमाणित करू शकतात. मुलाच्या पासपोर्टवर अमेरिकेत आल्याच्या तारखेचा शिक्का असायला हवा. तो नसेल तर इथे राहात असल्याचा पुरावा मागतात: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी डॉक्टरकडचे कागद, त्याहून मोठ्या मुलांसाठी शाळेचे, दोन्हींवर इथला पत्ता पाहिजे. लसीकरणाचा कागद आणि शाळेचं प्रगतिपुस्तक सरळ फाइलमध्ये घालूनच जा. डब्ल्यू-७ वर मुलासाठी 'डी' कारण, जोडीदारासाठी 'ई'. नंबर यायला साधारण सात आठवडे, जानेवारी ते एप्रिलच्या गर्दीत नऊ ते अकरा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष आकडेमोड

आता वरचं कुटुंब घेऊ. वडिलांचा पगार १,१०,००० डॉलर, आई एच-४ वर घरी. स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० काढल्यावर राहतात ७८,५००. पहिल्या २३,८५० वर १० टक्के, म्हणजे २,३८५. उरलेल्या ५४,६५० वर १२ टक्के, म्हणजे ६,५५८. एकूण टॅक्स ८,९४३.

थोरलीचा आयटिन काढला नाही तर यातून जातात फक्त धाकट्याचे २,२००, राहतात ६,७४३. आयटिन काढला तर ६,२४३. दोघांकडे एसएसएन असता तर ४,५४३. वर्षभरात पगारातून ८,००० कापले गेले असतील तर हातात येणारा रिफंड अनुक्रमे १,२५७, १,७५७ आणि ३,४५७. ऑफिसातल्या मित्राच्या रिफंडशी तुलना करण्याआधी त्याची मुलं कुठे जन्मली ते विचारा.

फॉर्म १०४० च्या पहिल्या पानावर मुलांचा तक्ता असतो. प्रत्येक मुलासमोर खूण एकाच चौकटीत: चाइल्ड टॅक्स क्रेडिट किंवा इतर अवलंबित. मग शेड्यूल ८८१२ वर बेरीज. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण "हा नंबर नोकरीसाठी वैध आहे का" असा एक प्रश्न मध्येच विचारतं, आणि लोक घाईत 'हो' दाबतात. थोरलीसाठी उत्तर 'नाही'.

कोणाकडून भरून घेत असाल तर त्याचा पीटीआयएन, म्हणजे पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याला आयआरएस देतं तो नंबर, विचारा आणि रिटर्नवर त्याची सही पाहा. रिफंडच्या टक्केवारीत फी मागणारा, किंवा "आयटिनवरही पूर्ण काढून देतो" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा. चूक पकडली गेली तर पैसे व्याजासकट परत जातात ते तुमचे. निष्काळजीपणा ठरला तर दोन वर्षं हे क्रेडिट मागता येत नाही, लबाडी ठरली तर दहा वर्षं.

अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट हे नावही तुमच्या कानावर येईल. तीन किंवा अधिक मुलं असली तर ८,०४६ डॉलरपर्यंत जातं, पण ते कमी उत्पन्नासाठी आहे आणि तिथे नवरा-बायको दोघांकडेही नोकरीला चालणारा एसएसएन लागतो. जोडीदार आयटिनवर असेल तर विषय संपला. ते क्रेडिट किंवा चाइल्ड टॅक्सचा हातात येणारा भाग मागितला असेल तर रिफंड फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडत नाहीत, तेव्हा जानेवारीत भरून रोज खातं बघत बसू नका.

डेकेअरचं वेगळं खातं

इथे एक चांगली बातमी: यात आयटिन चालतो. १३ वर्षांखालच्या मुलाला सांभाळायला दिलेले पैसे, एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्तांसाठी ६,००० डॉलरपर्यंत, आणि त्याचे काही टक्के क्रेडिट. २०२५ साठी उत्पन्न ४३,००० च्या वर असेल तर २० टक्के, म्हणजे दोन मुलांचे जास्तीत जास्त १,२००. डेकेअरचं बिल पाहिल्यावर हे भेळेवरच्या शेवेएवढं वाटतं. २०२६ च्या टॅक्सपासून टक्केवारी वाढली आहे. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर किमान ३५ टक्के, म्हणजे २,१०० पर्यंत.

वाईट बातमी: नवरा-बायको दोघंही कमावते हवेत. आई एच-४ वर घरी असेल आणि मुलाला इंग्रजीची सवय व्हावी म्हणून तीन दिवस प्री-स्कूलला घातलं असेल तर क्रेडिट शून्य. ती पूर्णवेळ कॉलेजात शिकत असेल तर मात्र त्या महिन्यांत तिची कमाई एका मुलासाठी २५०, दोघांसाठी ५०० डॉलर मासिक होती असं धरतात. मास्टर्स करणाऱ्या कितीतरी जणींना हे ठाऊक नसतं.

काय चालतं? प्री-स्कूल, शाळेनंतरचं पाळणाघर, उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प. रात्री मुक्कामाचा कॅम्प नाही, किंडरगार्टन आणि त्यापुढच्या खासगी शाळेची फी नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीआजोबांना पैसे दिल्याचं दाखवायचं तर मनातही आणू नका. त्या व्हिसावर काम करायची परवानगीच नाही, आणि हा कागद त्यांच्याच नावावर चिकटेल.

सांभाळणाऱ्याचा टॅक्स नंबर फॉर्म २४४१ वर लिहावा लागतो. डेकेअर तो लगेच देतं. घरगुती सांभाळणाऱ्या काकू मात्र नंबर म्हटलं की गप्प होतात. त्यांचा स्वयंपाक कितीही छान असला तरी नंबर नसेल तर क्रेडिट विसरा, आणि हे पहिल्या दिवशीच विचारा. तुमच्या घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईंना २०२५ मध्ये २,८०० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर तुम्ही त्यांचे 'मालक' ठरता आणि त्यांचा सोशल सिक्युरिटी टॅक्स भरणं तुमच्यावर येतं.

दोघंही नोकरी करत असाल तर कंपनीचा डिपेंडंट केअर एफएसए बघा. पगारातून टॅक्सआधीच ५,००० डॉलर बाजूला (२०२६ पासून ७,५००). २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या जोडप्याचे त्या ५,००० वर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर धरून १,४८० च्या आसपास वाचतात. ही रक्कम वरच्या ६,००० मधून वजा होते, म्हणजे दोन मुलं असतील तर क्रेडिटला उरतात १,०००, त्याचे २०० आणखी. यासाठी नाव शरद ऋतूतल्या ओपन एनरोलमेंटमध्येच द्यावं लागतं. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत ही ईमेल हमखास राहून जाते.

राज्य काय देतं

फेडरल झालं की राज्याचं. इथे आयटिनवाल्या मुलांसाठी दार थोडं उघडं असतं. न्यू जर्सीत पाच वर्षं किंवा त्याखालच्या मुलामागे १,००० डॉलरपर्यंत मिळतात आणि आयटिन चालतो, पण करपात्र उत्पन्न ८०,००० च्या आत हवं. न्यूयॉर्कने २०२५ साठी चार वर्षांखालच्या मुलामागे १,००० आणि त्यापुढे सोळा वर्षांपर्यंत ३३० केले. मॅसॅच्युसेट्समध्ये अवलंबित मुलामागे ४४० मिळतात. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे क्रेडिटही नाही, आणि त्याबद्दल डॅलसवाले आम्हाला दर एप्रिलमध्ये फोन करून हसतात.

डब्ल्यू-४ दुरुस्त करा

पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म म्हणजे डब्ल्यू-४. नोकरी लागताना भरलेल्या या फॉर्ममध्ये तिसऱ्या टप्प्यात मुलांची रक्कम असते. २०२६ च्या फॉर्मवर पात्र मुलामागे २,२००, इतरांमागे ५००. नवे लोक दोन मुलं म्हणून ४,४०० लिहितात. मग वर्षभर टॅक्स कमी कापला जातो, हातात पगार जरा जास्त येतो, आणि एप्रिलात १,७०० डॉलर एकदम भरावे लागतात. रिफंडची वाट बघणाऱ्या घरात तो दिवस चांगला जात नाही. थोरलीच्या रकान्यात ५०० लिहा.

आणि ग्रीन कार्ड दारात असेल तर

हे शेवटी लिहिते आहे, पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे. एसएसएन मिळाल्यावर मागच्या वर्षांचे २,२०० मागता येत नाहीत. नंबर त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला हवा. पण 'मुदत' म्हणजे वाढवून घेतलेली मुदतसुद्धा.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं २०२४ चं रिटर्न मार्च २०२५ मध्ये टेबलावर होतं. मुलगी बारा वर्षांची, आयटिनवर, आणि ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू होऊन गेलेला. सही करायच्या बेतात होते, मी हात धरला. त्यांनी टॅक्सचे पैसे तेवढे एप्रिलात भरले आणि फॉर्म ४८६८ दिला. कार्ड जूनमध्ये आलं, एसएसएन जुलैत. रिटर्न ऑगस्टमध्ये गेलं, मुलीच्या नावापुढे नवा नंबर आणि खूण चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या चौकटीत. तेव्हा रक्कम २,००० होती. ५०० च्या जागी २,०००. जुना आयटिन बंद करून त्याची नोंद नव्या नंबराला जोडा, अशा अर्थाचं पत्र आयआरएसला पाठवायचं असतं, तेही त्याच दिवशी त्यांच्या वडिलांनी लिहून पोस्टात टाकलं.